आज बरं आहे, नाडी सुटली

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं पंडितकाकांनी मला बजावलं आहे. रमाकाकूने तर डोळे मोठे करून बजावलं आहे. मी दोघांसमोर मान डोलावली. खरं म्हणजे मी मुळातच इतकी कमी बोलते की मला ‘बोलू नकोस’ असं सांगायची काही गरज नव्हती. वर्गात माझं नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायच्या आधी मला दोनदा आवंढा गिळावा लागतो. पण लिहू नकोस असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. (मी नीट आठवून पाहिलं. नाही म्हटलं.)

तर पंडितकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. नागपूरहून पहिले तेच इथे अमेरिकेत, शुगर लँडला आले, मग त्यांनी आम्हाला बोलावलं. ते आमच्याच रस्त्यावर चार घरं सोडून राहतात. तेलाच्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत गॅरेजमधला दिवा बदलायला म्हणून काका शिडीवर चढले आणि दिव्यासकट खाली आले. दिव्याला काही झालं नाही. काकांच्या कमरेतल्या मणक्याची गादी मात्र सरकली. तेव्हापासून त्यांना दहा मिनिटांच्या वर खुर्चीवर बसता येत नाही आणि खाली वाकता तर मुळीच येत नाही. नोकरी गेली. रविवारी बुद्धवंदनेला भेटणाऱ्या मंडळींना काकांनी सांगितलं, मी आता घरून कन्सल्टिंग करतो. हॉलमध्ये गालिच्यावर पाठ टेकून छताकडे बघत पडण्याला कन्सल्टिंग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

काकू दिवसा ड्राय क्लीनरकडे कपडे अल्टर करत असे. आता ती संध्याकाळी डोनटच्या दुकानातही जाऊ लागली. घरी आली की ती आधी भिंतीला धरून उभी राहायची आणि मग चपला काढायची. काका ते गालिच्यावरून बघायचे. त्यांच्या उंचीवरून त्यांना चपलाच नीट दिसत.

कामावर असताना प्रत्येक पगारातून थोडे पैसे कापून जातात, आणि माणूस काम करण्याजोगा राहिला नाही तर सरकार त्यातून अपंगत्वाचा भत्ता देतं, हे काकूला डोनटच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. भत्ता सुरू झाला की काही काळाने दवाखान्याचं कार्डही मिळतं. त्या कार्डावर काकांचं ऑपरेशन होऊ शकलं असतं आणि काकूची संध्याकाळची नोकरी सुटली असती. सगळं त्या एका फॉर्मवर होतं.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. (हे मी सांगत नाही, आमच्या टीचर सांगतात. निदान तेव्हा सांगायच्या.) मी तेरा वर्षांची होते. मी टेबलाशी बसले, काका गालिच्यावर आडवे, आणि आम्ही पहिल्या मोठ्या प्रश्नाशी आलो. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता, सविस्तर लिहा.

आता हे समजून घ्यायला हवं की पंडितकाका हे बायोडेटा लिहिण्यात आमच्या सगळ्या नात्यात नावाजलेले आहेत. दोन आत्यांची आणि एका मामांची लग्नं त्यांच्या बायोडेटावर जमली. माझ्या बाबांना नोकरी लागली ती काकांनी लिहिलेल्या बायोडेटावर. काकांचा एकच नियम, की कागदावर माणूस चांगला दिसला पाहिजे. जे चांगलं आहे ते वर घ्यायचं, जे कमी आहे ते लिहायचंच नाही. आणि समोरचा कागद सरकारचा असेल तर विचारायलाच नको.

काकांनी डोळे मिटून डिक्टेट केलं. पहाटे साडेपाचला उठतो. बागकाम. घरकामात पत्नीस मदत. इंग्रजी व मराठी वाचन. समाजकार्याची आवड. निर्व्यसनी. स्वभाव मनमिळाऊ.

बागकाम म्हणजे ते खिडकीतून कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघत. मदत म्हणजे पडल्या पडल्या वाटाणे सोलत. पण मी निमूटपणे सगळं इंग्रजीत लिहिलं, आणि खाली दोन ओळी रिकाम्या राहिल्या. रिकाम्या ओळी मला बघवत नाहीत. मी विचारलं, काका, छंद लिहू का?

काका छताकडे बघून जरा हसले आणि म्हणाले, “लिही, बॅडमिंटन.”

काका बॅडमिंटन खेळले होते एकाहत्तर साली, कॉलेजात. मी ‘बॅडमिंटन’ लिहिलं. अक्षर फार सुंदर आलं होतं.

चार महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. फेरविचारासाठी पाठवलं, त्याचंही नकाराचं पत्र आलं. दोन्ही पत्रांत आमचेच शब्द आम्हाला परत केले होते. अर्जदार पहाटे उठतात, बागकाम करतात, घरकामात मदत करतात आणि बॅडमिंटन खेळतात, तस्मात त्यांना काम करणं शक्य आहे. काकूने ते पत्र दोनदा वाचलं. मग तिने काकांना विचारलं, “अहो, तुम्ही भत्ता मागत होता की बायको?”

मग काकूने एक वकील शोधला. मिस्टर डॉर्सी. लाल गॅलिस लावणारा, जाडजूड, घामाघूम होणारा माणूस. केस जिंकली तरच फी घ्यायची, अशी त्याची पद्धत होती. त्याने फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. मी त्याच्या ऑफिसच्या गालिच्यावरची नक्षी बघत होते. गुंतागुंतीची नक्षी होती.

अपील करता येईल, तो म्हणाला. जज्जसमोर सुनावणी होईल. तिथे खरं सांगा. पण नंबर लागायला वेळ जाईल. किती, तर एक वर्ष, दीड वर्ष, कोण जाणे. आणि सुनावणीचं पत्र आलं आणि तुमच्या नजरेतून सुटलं तर अपील तिथेच संपलं, तेव्हा रोज पोस्ट बघत जा.

दीड वर्ष ऐकल्यावर काकांचा धीर सुटला. घरी येताना गाडीत मागच्या सीटवर आडवे पडून ते म्हणाले, जाऊ दे, रमा. सरकारपुढे हात पसरायचा आणि वर दीड वर्ष पसरून ठेवायचा, हे मला जमायचं नाही.

काकू गाडी चालवत होती. आरशातही न बघता ती म्हणाली, “दर वर्षी चौदा एप्रिलला माइकसमोर उभं राहून कोण सांगतं, हक्काचं मागायला लाजू नका म्हणून? ते भाषण तुमचंच ना? का मी दुसऱ्याच कुणाला टाळ्या वाजवत होते?”

घरी आल्यावर काकांनी अपिलाच्या कागदावर सही केली.

डॉर्सीने काकांना आणखी एक काम दिलं होतं. रोज डायरी लिहायची. आज किती दुखलं, काय करता आलं नाही, सगळं. काकांनी एक जाड वही आणवली, पहिल्या पानावर आपलं पूर्ण नाव, पंडित सोनबाजी रामटेके, असं लिहून खाली रेघ मारली आणि रोज संध्याकाळी पोटावर वही ठेवून मराठीत लिहू लागले. वहीत काय लिहितात हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटायचं की फार दुःखाचं काहीतरी असणार.

आणि मग वाट बघणं सुरू झालं.

मी शाळेतून साडेतीनला काकांकडे जायची. डॉक्टरांनी चपला बंद करून घट्ट बूट घालायला सांगितले होते. मी काकांचे बूट घालून नाड्या बांधायची, आणि मग ते काठी टेकत रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या डब्यांकडे जायचे. आमच्या सगळ्या रस्त्याचे डबे तिथे एकत्र आहेत. ऑगस्टमधलं शुगर लँडचं ऊन म्हणजे गरम पाण्यात भिजवलेली गोधडी अंगावर घेतल्यासारखं असतं, पण काका गेले नाहीत असा दिवस नाही. जायला दहा मिनिटं, यायला पंधरा. डब्यात पिझ्झाची कुपनं असत. काकांनी एकही कुपन न वाचता टाकलं नाही. न जाणो, मध्येच पत्र अडकलं असलं तर.

दर पंधरा दिवसांनी ते अपिलाच्या ऑफिसात फोन करत. तिकडून संगीत सुरू होई. फोन गालिच्यावर, स्पीकर चालू, काका शेजारी आडवे. चाळीस-चाळीस मिनिटं तीच एक धून. सहा महिन्यांत ती काकूच्या तोंडी बसली, पोळ्या लाटताना ती तीच गुणगुणायची आणि मध्येच थांबून स्वतःवर चिडायची. शेवटी लॉरेटा नावाची बाई फोनवर यायची. तिचा पहिला प्रश्न असायचा, हाउ आर यू टुडे? आणि काकांचं उत्तर, “फाइन, थँक यू. अँड यू?”

काकू कपाळावर हात मारून घ्यायची. तिची खात्री होती की लॉरेटा तिकडे वहीत लिहून घेत असणार, अर्जदार फाइन आहे म्हणून. काका म्हणायचे, अगं, बाई एवढं विनयाने विचारते, तिला काय कंबरेचं रडगाणं ऐकवायचं? त्यापेक्षा ते तिच्या आईची चौकशी करत. एकदा तिला सर्दी झाली होती तर आलं घालून चहा करायची कृती त्यांनी स्पेलिंगसह सांगितली. ती म्हणायची, मिस्टर रामटेके, तुमची फाइल रांगेत आहे. काका म्हणायचे, काही घाई नाही. (तेव्हा तेरा महिने झाले होते. डोनटच्या दुकानातून आलेली काकू अजून भिंतीला धरून उभी होती.)

त्यातच चौदा एप्रिल आला. उल्हासकाका, म्हणजे आमच्या कार्यक्रमांचे सेक्रेटरी, भाषणासाठी दारात हजर. काकांना नाही म्हणता येत नाही, हे आता वाचणाऱ्यालाही कळलं असेल. त्यांनी उभं राहून आठ मिनिटं भाषण केलं, हक्कांवर. त्या वर्षीचं भाषण जरा अडखळत झालं, पण चांगलं झालं. मग ते हळूच स्टेजच्या पडद्यामागे गेले आणि एका चादरीवर उताणे झाले. डोळे मिटलेले, श्वास लांब. उल्हासकाकांनी पडदा बाजूला करून पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना खुणेने मागे सारलं. काका विपश्यनेला बसले आहेत, म्हणजे आडवे झाले आहेत, अशी बातमी हॉलभर गेली. कॉलेजातल्या दोघा मुलांनी लांबून हात जोडले. काकांना सगळं ऐकू येत होतं, पण उठता येत नव्हतं. तास-दीड तास त्यांनी ती एकाग्रता टिकवली. पुढच्या रविवारी तिघांनी त्यांना ध्यान शिकवण्याची विनंती केली.

सतराव्या महिन्यात पत्र आलं. पिझ्झाच्या कुपनांच्या बरोबर मध्ये होतं. सुनावणी ऑगस्टच्या बावीस तारखेला, ह्यूस्टनला. डॉर्सीने फोन केला की डायरीचं इंग्रजी लगेच करून पाठवा, तोच आपला मुख्य पुरावा आहे. इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. अक्षरामुळेच.

मी काकांच्या टेबलाशी बसून वही उघडली. पहिलं पान. ‘आज बरं आहे.’ दुसरं पान. ‘आज बरं आहे.’ मी वीस पानं उलटली, पन्नास पानं उलटली. प्रत्येक पान त्याच तीन शब्दांनी सुरू होत होतं. सतरा महिने, रोज, एकही दिवस न चुकता, माझे काका बरे होते.

मी वही घेऊन काकूकडे गेले. माझा चेहरा बघून तिने गॅस बंद केला. तिने पानं चाळली आणि खाली बसून घेतलं. मग ती हॉलमध्ये गेली. काकांनी आधी छताकडे बघितलं, मग कढीपत्त्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, “वही टेबलावरच असते. तू दमून येतेस. मी झोपल्यावर उघडून बघितलीस तर? म्हणून तसं लिहिलं.”

काकूने वही उघडून बघितली नव्हती. तिला वाटलं होतं, आतलं वाचून आपल्याला झोप लागणार नाही.

मी डॉर्सीला फोन करून सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, त्या तीन शब्दांच्या पुढे काही आहे का? मी म्हटलं, आहे, एकेक-दोनदोन ओळी आहेत. घरगुती काहीतरी. तो म्हणाला, जसं आहे तसं सगळं लिहून दे, एक शब्दही सुंदर करू नकोस. (हे शेवटचं वाक्य तो विशेष हळू बोलला.)

मी आठ दिवस लिहीत होते. त्या एकेक-दोनदोन ओळींत काय होतं ते पुढे येईलच. त्यात माझंही नाव होतं. खूप वेळा होतं. त्या आठ दिवसांत मी जेवताना कुणाकडे बघत नव्हते.

बावीस तारखेला काका निघाले ते इंटरव्ह्यूचा सूट घालून. डॉर्सीने सांगितलं होतं, जसे घरी असता तसे या. पण काकांनी सकाळी दाढी गुळगुळीत केली, केसांना कलप लावला, टायची गाठ तीनदा बांधली. पाच वर्षांनी तरुण दिसत होते. त्यांना बघून डॉर्सीने गॅलिस सोडून स्वतःचेच केस धरले.

ते कोर्ट कोर्टासारखं नव्हतंच. शाळेतल्या स्टाफरूमएवढी खोली, एक टेबल, एक टेपरेकॉर्डर. एसी इतका गार की जज्जबाईंनी ऑगस्टमध्ये लोकरीचा स्वेटर घातला होता. पांढरे केस, गळ्यात साखळीला चष्मा. त्या आत आल्या तेव्हा बसलेल्यांनी बसून राहिलं तरी चालणार होतं. काका टेबलाला धरून ताठ उभे राहिले. वडीलधारी बाई आत आली आणि आपण बसून राहिलो, हे त्यांच्याने झालंच नसतं.

हाउ आर यू, मिस्टर रामटेके, जज्जबाईंनी विचारलं.

“फाइन, थँक यू, मॅडम,” काका म्हणाले. “अँड यू?”

डॉर्सीने डोळे मिटले. काकूने माझा हात दाबला, फार जोरात.

पुढे जज्जबाई विचारत गेल्या आणि काका उत्तरं देत गेले. बसायला त्रास होतो का? थोडासा, मॅडम, विशेष नाही. घरकाम जमतं का? पत्नीला जमेल तेवढी मदत करतो. उभं राहता येतं का? हो, हो. बोलताना काकांची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती आणि कलप लावलेल्या केसांखालून घाम ओघळत होता. पण टेपरेकॉर्डरला बोटं दिसत नाहीत. त्या टेपवर एक ठणठणीत माणूस बोलत होता. माझ्या मनात आलं, अजून फक्त बॅडमिंटन राहिलंय.

जज्जबाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्यासारख्या वाटत होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही सतरा महिने थांबलात. सगळं ठीक असेल तर इथे कशासाठी आला आहात?

काकांनी काकूकडे बघितलं.

तेव्हा डॉर्सीने डायरी पुढे केली. जज्जबाईंनी विचारलं, भाषांतर कुणाचं? अधिकृत भाषांतरकाराकडून आलेलं नसेल तर तिकडे पाठवावं लागेल, आणि त्याला आणखी पाच-सहा महिने जातील. पाच-सहा महिने म्हटल्यावर काकूच्या तोंडून नुसतं ‘अगं बाई’ निघालं. डॉर्सी म्हणाला, भाषांतर करणारी मुलगी इथेच आहे. मूळ वही समोर ठेवून तिला काही पानं वाचायला सांगा आणि तुम्हीच ठरवा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दोनदा आवंढा गिळला. मग तिसऱ्यांदा.

मला खरं बोलण्याची शपथ घ्यायला लावली. जज्जबाई मध्येच कुठलंतरी पान उघडायच्या आणि तारखेवर बोट ठेवायच्या. मी इंग्रजीत वाचायची. आवाज इतका बारीक निघत होता की टेपरेकॉर्डर माझ्या पुढ्यात सरकवला.

“आज बरं आहे. रमाने मोजे घातले. तिचे हात गार होते.”

“आज बरं आहे. बातम्या अर्ध्या बसून ऐकल्या, अर्ध्या जमिनीवरून.”

“आज बरं आहे. पेन पडलं. रमा येईपर्यंत तिथेच होतं. तीन तास.”

“आज बरं आहे. रमाने आंघोळीला धरलं. दुकानातून आली होती. उभ्यानेच डुलकी घेत होती. मी हाक मारली नाही.”

काकू खिडकीकडे बघत होती. त्या खोलीला खिडकी नव्हती.

काकांनी तक्रार एका ओळीनेही लिहिली नव्हती. आपल्यासाठी कुणी काय केलं, तेवढंच रोज लिहून ठेवलं होतं. आणि ती यादीच इतकी लांब होती की त्यात त्यांनी स्वतः केलेलं काही उरतच नव्हतं. जज्जबाई एकामागून एक पानं उलटत होत्या. मला वाटलं, आता पुरे म्हणतील. तेवढ्यात त्यांनी पंच्याण्णवच्या मार्चमधल्या एका पानावर बोट ठेवलं. मी ते पान ओळखलं. मला तिथून पळून जायचं होतं, पण शपथ घेतली होती.

मी वाचलं, “आज बरं आहे. मैत्रीने नाडी बांधली. डब्यापर्यंत सुटली. तिला सांगितलं नाही.”

जज्जबाईंनी पुढचं पान दाखवलं.

“आज बरं आहे. मैत्रीने नाडी बांधली. आज तिसऱ्या घरापाशीच सुटली. सांगितलं नाही.”

पुढचं.

“आज बरं आहे. पाऊस. दोन्ही सुटल्या.”

मैत्री कोण, जज्जबाईंनी विचारलं. मी टेबलाखालून हात वर केला. म्हणजे अर्धाच. अशा किती नोंदी आहेत, असं त्यांनी डॉर्सीला विचारलं. तो कागद बघून म्हणाला, दोनशे बारा. टेपरेकॉर्डर चालूच होता.

मग जज्जबाई काकांकडे वळल्या. आता त्या जज्जसारखं न विचारता शेजारच्या बाईसारखं विचारत होत्या. “मिस्टर रामटेके, सुटलेली नाडी तुम्ही तिथल्या तिथे पुन्हा का बांधली नाहीत?”

आणि काका पटकन बोलून गेले. विचार करायला वेळ मिळाला असता तर बोलले नसते. पण आता प्रश्न त्यांच्या कंबरेचा नव्हता, त्यांच्या पुतणीच्या नावाचा होता, आणि तिची बाजू घ्यायला हवी होती.

“ती मन लावून बांधते, मॅडम. तिचा दोष नाही. मला वाकता येत नाही. हात पोचतच नाही तिथपर्यंत. घरी परत येईपर्यंत नाडी फरफटत आणतो आणि पाय अडकू नये म्हणून कुंपणाला धरून चालतो. काय करू? मला जमत नाही.”

दोन वर्षांत पहिल्यांदा काकांनी ‘जमत नाही’ म्हटलं. स्वतःच्याच आवाजाने ते दचकले. मग म्हणाले, “आणि आता मला बसवतही नाही. माफ करा.”

जज्जबाई म्हणाल्या, तुम्ही आडवे व्हा. काका त्या खोलीच्या गालिच्यावर, सूट आणि टायसकट, आडवे झाले. उरलेली सुनावणी तशीच झाली. जज्जबाई टेबलावरून वाकून बोलत होत्या. काका छताकडे बघून खरी उत्तरं देत होते, एकामागून एक. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवावं लागलं.

निकालासाठी पुन्हा थांबलो. नऊ आठवडे. नऊ आठवडे म्हणजे आम्हाला आता सुट्टी वाटली. ऑक्टोबरच्या शेवटी जाड पाकीट आलं. काकांनी ते डब्यापाशी न उघडता, नाड्या फरफटत, घरी आणलं आणि काकूच्या हातात दिलं. मंजूर. काकूने त्याच संध्याकाळी डोनटच्या दुकानात जाऊन ॲप्रन परत केला. घरी आली आणि भिंतीला न धरता तिने चपला काढल्या. काका गालिच्यावरून ते बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी तोंड कढीपत्त्याकडे केलं. त्या दिवशी वहीत काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही.

लॉरेटाला काकांनी फोन करून आभार मानले. ती म्हणाली, हाउ आर यू टुडे? काका जरा थांबले आणि म्हणाले, “पाठ फार दुखते, लॉरेटा.” तिला फार आनंद झाला.

निकाल सहा पानांचा आहे. तो आता माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याच्या चौथ्या पानावर लिहिलं आहे की, अर्जदाराच्या बुटांच्या नाड्या त्याची पुतणी बांधते, त्या वारंवार सुटतात, आणि सुनावणीस हजर असलेल्या पुतणीने याबाबत काही आक्षेप घेतला नाही. म्हणजे माझी गाठ टिकत नाही, ही गोष्ट आता सरकारी दफ्तरात कायमची नोंदलेली आहे. खाली सही-शिक्का आहे. काका म्हणतात, तुझ्यामुळेच केस जिंकलो. मला अजून कळलेलं नाही की यावर थँक यू म्हणायचं की सॉरी.

आता काका दवाखान्याच्या कार्डाची वाट बघत आहेत, त्यामुळे डब्याची फेरी चालूच आहे. पण मी गाठ शिकले आहे. लायब्ररीत खलाशांच्या गाठींचं पुस्तक मिळालं. त्यातली तेरा नंबरची गाठ वादळातही जहाज सोडत नाही. आज दुपारी काकांच्या दोन्ही बुटांना मी तीच गाठ मारली. दोनदा मारली. काका डब्यापर्यंत जाऊन आले आणि नाडी जागची हलली नाही. तेव्हा निकालाच्या चौथ्या पानात आता दुरुस्ती व्हायला हवी, असं पत्र जज्जबाईंना लिहावं असं मी ठरवते आहे, कारण त्या गाठीचं वैशिष्ट्यच असं आहे की ती एकदा मारली की मग कुणी कितीही ओढलं तरी

थांबा, काकू हाक मारतेय. “मैत्री, अगं कात्री कुठे ठेवलीस? काका अर्ध्या तासापासून दारात उभे आहेत, बूट काही निघ